रिकाम्या सॅनिटोरियममधली खोली

१९८९ सालचा फेब्रुवारी महिना. पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतले. त्याचा गुन्हा काय, तर त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद त्या वेळी होती. तिच्या आधारे त्याला उचलून एका खोलीत ठेवले, बाहेर पहारा बसवला आणि ६४ दिवस तिथून हलू दिले नाही. आईने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा तो बाहेर आला. खटल्याचा अंतिम निकाल मात्र त्याच्या बाजूने लागला नाही, अलग ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. २००५ साली आलेला ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट ज्याच्या आयुष्यावरून सुचला तो हाच डॉमनिक.

ही हकीकत गोव्यात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तिच्यातल्या एका तपशिलाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. डॉमनिकला ठेवले होते ते एका जुन्या, वापरात नसलेल्या क्षय-रुग्णालयात, म्हणजे सॅनिटोरियममध्ये. हे सॅनिटोरियम रिकामे का होते? आणि एका रोगाने रिकाम्या केलेल्या जागेत दुसऱ्या रोगाचा माणूस कोंडून ठेवण्यापलीकडे त्या वेळी कोणाला काही का सुचले नाही? जिवाणूच्या रोगाला औषध सापडते आणि विषाणूच्या रोगापुढे डॉक्टर हात टेकतात, असे का, हा प्रश्न मला त्या खोलीवरूनच पडला. त्याचे उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा एकाच शहरात जाऊन पोचलो. ते शहर मद्रास. तेव्हा त्याला चेन्नई म्हणत नसत.

आधी क्षयाचे पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात क्षयावर औषध नव्हते. होती ती हवा. ज्याला परवडे तो सॅनिटोरियममध्ये जाई. आपल्या भागात मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव घेतले जाई. स्वच्छ वारा, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने पडून राहणे, एवढाच उपचार. त्यातून कोण वाचेल आणि कोण नाही हे शेवटी शरीरच ठरवी.

१९४३ साली अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. (१९५२ चे नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळाले, शाट्झ बाजूला राहिला. हे दुखणे औषधशास्त्राच्या इतिहासात नवे नाही.) पेनिसिलिन त्याआधीच आले होते, पण क्षयाच्या जंतूवर ते चालत नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन चालले. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ साली १०७ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापला. ५५ जणांना औषध दिले होते, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी चार दगावले, विश्रांतीवाल्यांपैकी १४. सगळीकडे आनंदीआनंद झाला. पण पाच वर्षांनी पुन्हा हिशेब मांडला तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ रुग्ण गेलेले होते. जंतू औषधाला सरावला होता. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

त्यावरचा तोडगाही लवकर सापडला. स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पास नावाचे दुसरे औषध दिले की जंतूला सरावायला वावच मिळेना. एका औषधातून निसटणारा जंतू लाखांत एखादा असतो, पण दोन्हींतून एकाच वेळी निसटणारा जवळजवळ सापडतच नाही. १९५२ साली आयसोनियाझिडची भर पडली आणि क्षय हा बरा होणारा रोग झाला.

आता मद्रासची पहिली गोष्ट. १९५६ साली तिथे क्षयाच्या औषधोपचाराचे एक केंद्र निघाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल अशा चौघांचे ते मिळून काम होते. प्रश्न साधा होता. औषध आहे तर सॅनिटोरियम कशाला हवे? १९३ गरीब रुग्ण निवडले. निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवले, चांगले खायला घातले, झोपवून ठेवले. निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत, जमेल ते खात, जमेल ते काम करत राहू दिले. औषधे दोघांना तीच. वर्षअखेर फरक जवळजवळ नाहीच! घरच्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही घरी राहिलेल्या रुग्णांमुळे वाढले नाही. १९५९ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला आणि जगभर सॅनिटोरियमची गरज संपत गेली. हवा, दूध, अंडी, विश्रांती ही सगळी आरास एका गोळीपुढे फिकी पडली. पुढच्या तीस वर्षांत कुठे खाटा कमी झाल्या, कुठे इमारती दुसऱ्या कामाला लागल्या, कुठे नुसत्याच ओस पडल्या.

हे यश जिवाणूविरुद्ध का मिळाले, विषाणूविरुद्ध का नाही, हे समजायला जीवशास्त्राचे पुस्तक उघडायला नको. जिवाणू म्हणजे आपल्या घरात शिरलेला, पण स्वतःचा संसार पाठीवर घेऊन आलेला भाडेकरू. त्याची चूल वेगळी, भांडी वेगळी, भिंतही वेगळी. पेनिसिलिन फोडते ती भिंत जिवाणूच्या पेशीला असते, माणसाच्या पेशीला नसतेच. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिने बनवण्याच्या यंत्राला, जाऊन चिकटते. आपल्या पेशींतही ते यंत्र आहे, पण घडण वेगळी आहे. म्हणजे त्याची चूल विझवली तरी आपली पेज शिजत राहते. आणि बहुतेक जिवाणूंची चूल साधारण एकाच नमुन्याची असल्याने एक औषध दहा रोगांना चालते.

विषाणूला चूलच नाही. तो येतो एक चिठ्ठी घेऊन. थोडे प्रथिनाचे वेष्टण आणि आत जनुकांची चार ओळींची आज्ञा, की माझ्यासारखे आणखी बनवा. पेशीबाहेर असतो तोवर तो खात नाही, वाढत नाही, मारावे असे त्याच्यात काही चालूच नसते. आत गेला की ती चिठ्ठी तो आपल्याच स्वयंपाकघरात देतो, आणि आपलाच तांदूळ, आपलीच चूल, आपलीच रांधणारी बाई त्याच्यासाठी राबू लागते. आता चूल विझवा म्हटले तर उपाशी कोण राहणार? विषाणूला मारणारी रसायने शेकड्याने मिळतात. अडचण असते ती पेशीला जिवंत ठेवून त्याला मारण्याची.

विषाणू ही काय चीज आहे हे कळायलाच वेळ लागला. १८९२ साली रशियात इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणूही अडवणाऱ्या बारीक गाळणीतून काढला, तरी त्या रसाने रोग होतच राहिला. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी सांगितले की हा जिवाणू नव्हे, हे वेगळेच काही आहे, आणि त्याला त्यांनी ‘व्हायरस’ म्हटले. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ विष. आपल्याकडच्या ‘विषाणू’ शब्दात तो अर्थ आपसूक जपला गेला आहे. तो डोळ्यांना दिसला १९३९ च्या सुमारास, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. म्हणजे पेनिसिलिनचा शोध लागून गेल्यानंतर!

मद्रासची दुसरी गोष्ट १९६३ ची. विषय देवीचा. मराठीत रोगाचेही नाव देवी आणि लशीचेही नाव देवी. ‘देवी आल्या’ म्हटले की घर हादरे आणि ‘देवी टोचल्या’ म्हटले की निर्धास्त होई. इंग्लंडमधल्या वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत मेथिसाझोन नावाचे औषध तयार झाले होते. विषाणूवर चालणारी म्हणता येतील अशी औषधे तेव्हा नखाएवढी. मद्रासच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात देवीचे रुग्ण येत, त्यांच्या घरच्या माणसांना हे औषध देऊन पाहिले. ज्या ११०१ जणांना दिले त्यांच्यापैकी तिघांना देवी आल्या, त्याही सौम्य. ज्या ११२६ जणांना दिले नाही त्यांच्यापैकी ७८ जणांना आल्या आणि १२ जण दगावले.

हे आकडे वाचले की वाटते, झाले, विषाणूचे पेनिसिलिन सापडले. तेव्हाच्या लोकांनाही तसेच वाटले असणार. चार वर्षांपूर्वी याच शहराने क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली होती! पण पुढच्या चाचण्यांत हा चमत्कार तेवढ्या जोराने पुन्हा दिसला नाही. औषधाने उलट्या होत. आणि मुख्य म्हणजे, एकदा अंगावर फोड उठले की त्याचा काही उपयोग दिसेना.

या शेवटच्या वाक्यात विषाणूची दुसरी खोड दडलेली आहे. क्षयाचा जंतू महिनोन्‌महिने सावकाश वाढतो, डॉक्टरला वेळ देतो. देवीचा विषाणू साधारण बारा दिवस अंगात गुपचूप आपल्या नकला काढत असतो. ताप येतो, फोड उठतात, माणूस डॉक्टरकडे जातो, तेव्हा छपाईचे मोठे काम उरकत आलेले असते. पुढे दिसतो तो बराचसा शरीराने दिलेल्या लढ्याचा पसारा. फ्लूचेही तेच. त्याची गोळी पहिल्या ४८ तासांत घेतली तर काही फायदा, नंतर फारसा नाही. आणि पहिल्या ४८ तासांत आपण सगळेच ‘साधी सर्दी आहे’ म्हणत काढा पीत बसलेलो असतो.

देवी गेल्या त्या औषधाने नव्हे, टोचून गेल्या. लस विषाणूला मारत नाही. ती शरीराला आधीच बातमी देऊन ठेवते, म्हणजे चिठ्ठी दारातच पकडली जाते. भारतातली शेवटची लागण मे १९७५ मधली, जगातली नैसर्गिक लागण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात संपली आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचे जाहीर केले. गंमत अशी, की देवीवरचे औषध म्हणून टेकोव्हिरिमॅट या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली जुलै २०१८ मध्ये. रोग जाऊन ३८ वर्षे झाल्यावर! विषाणू कोणी हत्यार म्हणून वापरलाच तर असावे, या भीतीने ती तयार केली. देवीच्याच कुळातल्या एमपॉक्स रोगावर आफ्रिकेत तिची चाचणी झाली. तिचा निकाल २०२४ साली आला. फोड लवकर बरे होतात असे त्यात दिसले नाही.

औषधे अजिबातच सापडली नाहीत असे मात्र नाही. सत्तरीच्या दशकात गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून असायक्लोव्हिर आले, नागिणीवर डॉक्टर देतात ते. त्याची युक्ती सुरेख आहे. हे औषध पेशीत जाते ते निरुपद्रवी रूपात. हर्पिस कुळातल्या विषाणूने स्वतःसोबत आणलेले एक एन्झाइम त्याला हात लावते तेव्हाच ते जागे होते. म्हणजे जिथे चोर नाही तिथे सापळा लागतच नाही. विषाणूला चूल नसली तरी एखाददुसरे भांडे तो स्वतःचे आणतो, ते ओळखून त्यावर नेम धरायचा, ही वाट इथे पक्की झाली. पण प्रत्येक कुळाचे भांडे वेगळे. म्हणून असायक्लोव्हिर फ्लूला चालत नाही आणि फ्लूची गोळी काविळीला. पेनिसिलिनसारखे एक औषध, दहा रोग, हे इथे होत नाही.

मद्रासची तिसरी गोष्ट १९८६ ची, आणि ती आपल्या जवळची आहे. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या आणि भारतात एच.आय.व्ही. पोचल्याचे पहिल्यांदा सिद्ध झाले. तोवर ‘हा परदेशातल्या लोकांचा रोग’ अशी आपली समजूत होती. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी वडिलांच्या नावे काढलेल्या वाय. आर. गायतोंडे केंद्रात एच.आय.व्ही.च्या रुग्णांवर उपचार झाले. इतर दवाखाने या रुग्णांना दारातूनच परत पाठवीत असत तो हा काळ.

त्यानंतर तीन वर्षांनी डॉमनिकला त्या खोलीत ठेवले. तेव्हा औषध एकच होते, एझेडटी. १९६४ साली कर्करोगासाठी बनवलेले, तिथे न चाललेले आणि बाजूला पडलेले हे रसायन मार्च १९८७ मध्ये एड्सवरचे औषध म्हणून मान्य झाले. एच.आय.व्ही. आपली चिठ्ठी उलटी नकलून आपल्या पेशीच्या जनुकांत चिकटवतो. त्यासाठी लागणारे एन्झाइम तो स्वतः आणतो, आणि एझेडटीचा नेम त्या एन्झाइमवर. पण रुग्णाच्या अंगात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, हे गणित १९९६ साली मांडले गेले. नकलणारे एन्झाइम गबाळे, चुका करत नकलते. इतक्या चुकांतून एझेडटीला दाद न देणारा एखादा विषाणू निघणार हे ठरलेलेच. लक्षणे दिसण्याआधीच एझेडटी सुरू केले तर काय होते, याची मोठी चाचणी युरोपात झाली. १९९३-९४ मध्ये तिचा निकाल आला. सुरुवातीला फायदा, तीन वर्षांनी काही नाही. मघाचे ३२ आणि ३५ आठवा. अगदी तीच गोष्ट, ४५ वर्षांनी, दुसऱ्या रोगात.

आणि तोडगाही तोच निघाला. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि एड्सच्या वॉर्डांतले मृत्यू झपाट्याने खाली आले. क्षयवाल्यांना १९५० च्या सुमारास कळलेले शहाणपण विषाणूवाल्यांना वापरता आले ते तीन वेगळी औषधे हाताशी आल्यावरच. जिवाणूविरुद्ध अशी औषधे दहा वर्षांत मिळाली होती, कारण त्यांतली बरीचशी मातीतल्या बुरशी आणि सूक्ष्मजीव एकमेकांशी भांडताना कोट्यवधी वर्षे बनवतच आले आहेत, ती आपण फक्त उचलली. विषाणूची औषधे बहुतांशी माणसाला स्वतः घडवावी लागली, एकेका एन्झाइमचा आकार पाहून.

डॉमनिक १९९२ च्या मे महिन्यात गेला. त्याआधी त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. औषध त्याला चार वर्षांनी हुकले. आपल्या देशातल्या गरिबाला तर त्याहून उशिरा मिळाले. २००१ मध्ये सिप्लाने तिन्ही औषधे दिवसाला एका डॉलरच्या आत देऊ केली आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ती मोफत मिळू लागली.

जिवाणूचे सगळे सोपे आणि विषाणूचे सगळे अवघड, असा अर्थ कोणी काढू नये. औषधांना न जुमानणारा क्षय आज डॉक्टरांना रडवतो, आणि हेपेटायटिस-सी हा विषाणू २०१३ नंतरच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत बहुतेकांच्या अंगातून कायमचा जातो. तो जातो कारण तो आपल्या जनुकांत घर करत नाही, नकला काढणे थांबले की त्याचा वंशच संपतो. एच.आय.व्ही. मात्र आपली चिठ्ठी आपल्याच दप्तरात टाचून ठेवतो. ती चिठ्ठी असलेल्या काही पेशी वर्षानुवर्षे झोपलेल्या असतात, आणि झोपलेल्या पेशीला कोणतेही औषध लागत नाही.

तरी गोळी हवीच, हा आपला हट्ट जात नाही. सर्दीखोकल्याला अँटिबायोटिक लिहून न देणारा डॉक्टर आपल्याला अडाणी वाटतो. २०२१ च्या मे महिन्यात कोविडची लाट टिपेला असताना गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले. हे जंतांवरचे औषध. चाचण्यांखेरीज कोविडसाठी ते वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, मार्चमध्ये, सांगितले होते. मी त्या निर्णयाला हसत नाही. रोज प्रेते मोजणाऱ्या माणसाला ‘औषध नाही’ हे वाक्य उच्चारणे किती जड जात असेल! १९८९ मध्येही कोणाला तरी ते वाक्य जडच गेले असेल, आणि औषधाऐवजी त्याने कुलूप दिले.

आज साध्या क्षयाचा रुग्ण सहा महिने गोळ्या घेतो, शेवटची थुंकी तपासून देतो आणि त्याचे कार्ड बंद होते. एच.आय.व्ही.चा रुग्ण रोज गोळी घेतो, कामाला जातो, लग्न करतो, नातवंडे पाहतो. रक्तात विषाणू शोधून सापडत नाही, इतका तो दबलेला असतो. गोळ्या थांबवल्या तर बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा दिसू लागतो. त्याचे कार्ड बंद होत नाही.